पार्सल ड्रायव्हर नोकर की कंत्राटदार? आधी दर्जा की आधी युनियन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत पार्सल पोहोचवणारे काही ड्रायव्हर एकत्र यायचा विचार करत आहेत. गणवेश कंपनीचा, स्कॅनर कंपनीचा, कुठल्या घरी कधी जायचे तेही कंपनीच ठरवते. तरी त्यांच्यातल्या काहींच्या करारावर 'स्वतंत्र कंत्राटदार' असे लिहिले आहे आणि उरलेले एका छोट्या मधल्या ठेकेदाराच्या पगारावर आहेत. कोणीतरी त्यांना सांगितले, की आधी कोर्टात जाऊन आपण नोकर आहोत हे सिद्ध करा, युनियनचे नंतर बघू. हा सल्ला बरोबर आहे का?

माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यात ड्रायव्हरांचेच नुकसान आहे. बरीच वर्षे मी तिथे कामगारांच्या बाजूने अशी प्रकरणे हाताळतो आहे. दर्जाचा खटला इतका रेंगाळतो, की निकाल लागेपर्यंत अर्धे ड्रायव्हर काम सोडून गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे ज्या कराराबद्दल भांडण होते तो करार कंपनीने तोवर मोडीत काढून दुसरा आणलेला असतो. आधी माणसे जोडायची आणि ती जुळत असतानाच दर्जाचा पुरावा गोळा करत राहायचे. या धंद्यात जे काही टिकाऊ मिळाले आहे ते याच क्रमाने मिळाले आहे. असे का, ते नीट सांगतो.

मुळात नोकर कोण हे ठरवणारी एकच कसोटी अमेरिकेत नाही. प्रत्येक कायद्याची वेगळी. युनियनचा हक्क देणारा १९३५चा नॅशनल लेबर रिलेशन्स अॅक्ट 'ताबा कोणाचा' ही जुनी कसोटी लावतो. किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा १९३८चा कायदा बघतो, की माणूस पोटापाण्यासाठी त्या कंपनीवर अवलंबून आहे का. कराचे खाते स्वतःची फूटपट्टी लावते आणि राज्यांचे कायदे आणखी निराळे. त्यामुळे एकच ड्रायव्हर एका कायद्याखाली नोकर आणि दुसऱ्याखाली कंत्राटदार ठरू शकतो, आणि तसे प्रत्यक्षात घडलेही आहे.

फेडएक्स ग्राउंडचे उदाहरण घ्या. ही कंपनी मुळात १९८५मध्ये 'रोडवे पॅकेज सिस्टम' म्हणून सुरू झाली, आणि ड्रायव्हर नोकर नव्हे, कंत्राटदार, हीच तिची पहिल्यापासूनची मांडणी. १९९८मध्ये फेडएक्सने ती विकत घेतली. ड्रायव्हरने गाडी स्वतः घ्यायची, पेट्रोल, दुरुस्ती, विमा सगळे स्वतःच्या खिशातून. मात्र गाडी पांढऱ्या रंगाच्या ठरावीक छटेत रंगवलेली हवी, आतली फळी ठरावीक मापाची हवी, बाहेर कंपनीचे चिन्ह हवे. गणवेश नीट नसेल, केस विंचरलेले नसतील, तर त्या दिवशी काम नाही. कामाचा भार असा आखलेला की रोज साडेनऊ ते अकरा तास जातील. वर्षातून चार वेळा व्यवस्थापक शेजारी बसून तपासणी करू शकत होता. हा सगळा तपशील नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या विभागाच्या, संघीय अपील कोर्टाने ऑगस्ट २०१४मध्ये 'अलेक्झांडर' खटल्याच्या निकालात मांडला आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली हे ड्रायव्हर नोकरच आहेत असे ठरवले. सोबतच्या मतात न्यायाधीश ट्रॉट यांनी लिंकनच्या नावाने सांगितला जाणारा किस्सा दिला: कुत्र्याच्या शेपटीला पाय म्हटले तर कुत्र्याला पाय किती? चारच, कारण म्हटल्याने शेपटीचा पाय होत नाही. पुढच्या वर्षी कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरांशी २२ कोटी ८० लाख डॉलरच्या तडजोडीची घोषणा केली आणि २०१६मध्ये आणखी वीस राज्यांसाठी २४ कोटींची.

हे वाचून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण त्याच कंपनीच्या, जवळपास त्याच कराराखालच्या ड्रायव्हरांनी मॅसॅच्युसेट्समधल्या विल्मिंग्टन इथे २००६मध्ये युनियनचे मतदान जिंकले होते. कंपनी वाटाघाटीला बसली नाही, प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेले आणि २००९मध्ये कोर्टाने निकाल दिला की हे लोक कंत्राटदार आहेत. कारण? कागदोपत्री त्यांना आपला रूट विकता येत होता, मदतनीस ठेवता येत होता, म्हणजे त्यांच्यापुढे 'उद्योजकाची संधी' होती. विरोधी मत देणारे न्यायाधीश होते मेरिक गार्लंड, जे पुढे देशाचे अॅटर्नी जनरल झाले. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या ड्रायव्हरांच्या प्रकरणात २०१४मध्ये लेबर बोर्डाने, म्हणजे युनियनचा कायदा राबवणाऱ्या संघीय मंडळाने, उलट बाजू घेतली: संधी कागदावरची चालणार नाही, प्रत्यक्षातली दाखवा. २०१७मध्ये त्याच कोर्टाने तोही आदेश रद्द केला. नंतर २०१९मध्ये बोर्डाने 'सुपरशटल' प्रकरणात उद्योजकाच्या संधीवर भर दिला आणि २०२३मध्ये 'अटलांटा ऑपेरा' प्रकरणात तो भर पुन्हा काढून घेतला. अध्यक्ष बदलला की बोर्डावरची माणसे बदलतात आणि माणसे बदलली की कसोटी बदलते. ज्याच्या घरचे हप्ते चालू आहेत त्याने अशा झोक्यावर भरवसा ठेवून गप्प बसावे, असे मी कुणालाही सांगणार नाही.

हा घोळ आजचा नाही. १९४४मध्ये लॉस एंजलिसमधले वर्तमानपत्र विक्रेते नोकर ठरावेत असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला होता. तेही रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून दुसऱ्याचा माल विकणारे, आणि मालक म्हणत होते हे स्वतंत्र धंदेवाले. तो निकाल काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, खुपला. १९४७च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यात स्वतंत्र कंत्राटदारांना युनियनच्या कायद्यातून सरळ वगळले गेले. आज ज्या दारावर तुम्ही अडला आहात ते तेव्हा बसवले गेले.

राज्यांच्या पातळीवर मात्र मोठा निकाल पार्सलच्याच धंद्यातून आला, आणि तो तुमच्या कामाचा आहे. डायनामेक्स ही पार्सल पोहोचवणारी कंपनी. २००४मध्ये तिने आपल्या नोकर ड्रायव्हरांना एका फटक्यात कंत्राटदार केले. काम तेच, माणसे तीच, फक्त कागद बदलला. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०१८ला जो निकाल दिला त्यातून तिथे 'एबीसी कसोटी' आली. माणूस कंत्राटदार आहे असे म्हणायचे तर कंपनीने तीन गोष्टी सिद्ध करायच्या: तो कंपनीच्या ताब्याखाली नाही, त्याचे काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे, आणि त्याचा स्वतःचा असा स्वतंत्र धंदा खरोखर चालू आहे. तिन्ही हव्यात, एक जरी सुटली तरी तो नोकर. दुसऱ्या अटीवर पार्सल कंपन्या अडकतात, कारण पार्सल पोहोचवणे हे पार्सल कंपनीच्या धंद्याबाहेरचे आहे असे कोणत्या तोंडाने सांगणार?

१ जानेवारी २०२० पासून हीच कसोटी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आली. लगेच वाटाही फुटल्या. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रॉपोझिशन २२' मंजूर करून अॅपवरच्या प्रवासी आणि डिलिव्हरी ड्रायव्हरांना त्यातून बाहेर काढले, आणि २०२४मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. मॅसॅच्युसेट्समध्ये अशीच कसोटी आधीपासून होती, पण २०१६मध्ये तिथल्या संघीय अपील कोर्टाने म्हटले की १९९४च्या मालवाहतुकीच्या संघीय कायद्यापुढे तिची दुसरी अट चालणार नाही. नवव्या सर्किटने २०२१मध्ये कॅलिफोर्नियापुरते याच्या उलट ठरवले. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की तुमचे स्टेशन, म्हणजे गाड्या भरायचे पार्सल केंद्र, कोणत्या राज्यात आहे. त्यावर अर्धे उत्तर ठरते.

आता खरा बदल सांगतो, कारण बहुतेक ड्रायव्हर अजून जुन्या लढाईच्या तयारीत असतात. खटले हरू लागल्यावर कंपन्यांनी 'तू नोकर नाहीस' म्हणणे बऱ्याच ठिकाणी सोडून दिले. आता त्या म्हणतात, 'तू नोकर आहेस, पण आमचा नाहीस.' फेडएक्स ग्राउंडने एकेका ड्रायव्हरशी करार करणे थांबवून अनेक रूट सांभाळणाऱ्या नोंदणीकृत छोट्या कंपन्यांशी करार केले. ड्रायव्हर त्या छोट्या कंपनीच्या पगारावर. अॅमेझॉनने २०१८मध्ये 'डिलिव्हरी सर्व्हिस पार्टनर' योजना आणली, त्यातही तेच. निळी गाडी अॅमेझॉनची, अॅप अॅमेझॉनचे, गाडीतला कॅमेरा अॅमेझॉनच्या योजनेतला, पगाराच्या चिठ्ठीवर नाव मात्र मधल्या ठेकेदाराचे. याखेरीज 'फ्लेक्स' आहे, २०१५ पासून: स्वतःची गाडी, अॅपवर मिळालेला काही तासांचा ब्लॉक, आणि दर्जा कंत्राटदाराचा.

मधल्या ठेकेदाराकडे पगारावर असाल तर युनियन करण्याचा तुमचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न पुढे येतो. वाटाघाटीला समोर बसणार तो ठेकेदार, ज्याच्या हातात फारसे काही नाही. एका पार्सलमागे त्याला किती मिळणार, दिवसाला किती थांबे घ्यायचे, कोणता ड्रायव्हर अॅपमधून बाहेर काढायचा, हे सगळे वर ठरते. आणि वरच्या कंपनीला नको असेल तर ती ठेकेदाराचा करारच संपवू शकते.

कॅलिफोर्नियातल्या पामडेलमध्ये हेच झाले. एप्रिल २०२३मध्ये 'बॅटल-टेस्टेड स्ट्रॅटेजीज' या ठेकेदाराचे ८४ कामगार टीमस्टर्स या वाहतूक कामगारांच्या युनियनच्या ३९६ क्रमांकाच्या शाखेत सामील झाले. ठेकेदाराने स्वतःहून युनियन मान्य केली, करारही केला. अॅमेझॉनने त्या ठेकेदाराचा करार संपवला. कंपनीचे म्हणणे, की कामगिरी खराब होती म्हणून हा निर्णय आधीच झाला होता. टीमस्टर्सचे म्हणणे, की युनियन आली म्हणून झाला. ऑगस्ट २०२४मध्ये लेबर बोर्डाच्या लॉस एंजलिस विभागाने प्राथमिक पातळीवर ठरवले की अॅमेझॉन या ड्रायव्हरांची 'संयुक्त मालक' आहे, आणि त्यानंतर रीतसर तक्रारपत्र निघाले. तोवर ड्रायव्हरांच्या हातचे काम जाऊन वर्ष उलटले होते.

'संयुक्त मालक' हा मुद्दा केवळ कोण पैसे देणार एवढ्यापुरता नाही, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. टॅफ्ट-हार्टली कायद्याने ज्याच्याशी तुमचे भांडण नाही अशा तिसऱ्या कंपनीवर दबाव आणणारे पिकेटिंग, म्हणजे तिच्या दारात फलक घेऊन उभे राहणे, बेकायदा केले आहे. अॅमेझॉन तुमची मालक नसेल तर तिच्या दुसऱ्या गोदामापुढे फलक घेऊन उभे राहण्यावर ती हरकत घेऊ शकते. संयुक्त मालक असेल तर ती तिसरी कंपनी राहतच नाही. पामडेलचे ड्रायव्हर जून २०२३ पासून इतर गोदामांपुढेही गेले आणि डिसेंबर २०२४मध्ये टीमस्टर्सने ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत अॅमेझॉनच्या अनेक ठिकाणी संप केला. कुठे उभे राहता येईल हे दर्जावर ठरते, म्हणून असे पाऊल टाकण्याआधी युनियनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय फलकाला हात लावू नका.

जे खरोखर कागदावर कंत्राटदार आहेत त्यांना आणखी एक धोका आहे. स्वतंत्र धंदेवाल्यांनी एकत्र येऊन भाव ठरवला तर १८९०च्या शर्मन कायद्याखाली तो व्यापारातला कट ठरू शकतो. कामगारांच्या संघटनांना १९१४च्या क्लेटन कायद्याने त्यातून सूट दिली. माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण ती सूट कामगारांना, धंदेवाल्यांना नाही. २०२२मध्ये पहिल्या सर्किटच्या कोर्टाने पोर्टो रिकोतल्या जॉकींच्या बाबतीत म्हटले, की कंत्राटदार असले तरी वाद केवळ श्रमाच्या मोबदल्याचा असेल तर सूट मिळते. निकाल चांगला आहे, पण त्या सर्किटपुरता. म्हणून 'अमुक दरापेक्षा कमी घ्यायचे नाही' असा ठराव ग्रुपवर टाकून सुरुवात करू नका. सुरुवात गाडीची सुरक्षितता, उन्हाळ्यातली उष्णता, परस्पर होणाऱ्या कपाती, चुकीच्या तक्रारींवरून अॅप बंद करणे अशा विषयांनी करा. लोक त्यावर लवकर एकत्र येतात, आणि कंपनीचा ताबाही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

मग आधी माणसे का? एक कारण कायद्यातच आहे. युनियनसाठी मतदान मागण्याचा अर्ज लेबर बोर्डाकडे करता येतो, त्याला किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या लागतात. कंपनीने 'हे कंत्राटदार आहेत' अशी हरकत घेतली तर बोर्डाचा विभागीय अधिकारी सुनावणी घेऊन ते ठरवतो. म्हणजे दर्जाचा पहिला निर्णय युनियनच्या अर्जातूनच मिळतो, कोर्टातल्या दाव्यापेक्षा कितीतरी लवकर. तो शेवटचा असेलच असे नाही, विल्मिंग्टन आठवा. पण सुनावणीत कंपनीला शपथेवर सांगावे लागते की रूट कोण आखतो, माणूस कोण काढतो, आणि ती साक्ष पुढे इतर दाव्यांतही कामी येते.

उलट बाजूने फक्त दर्जाचा वाद घेऊन गेलात तर काय होते ते 'व्हेलॉक्स एक्स्प्रेस' प्रकरणात दिसते. वैद्यकीय नमुने पोहोचवणारे ड्रायव्हर, कागदावर कंत्राटदार. २०१९मध्ये बोर्डाने त्यांना नोकर ठरवले, पण नोकराला कंत्राटदार म्हणणे एवढ्यानेच युनियनचा कायदा मोडत नाही, असेही सांगितले. मोडला तो दुसऱ्या गोष्टीने: सहकाऱ्यांच्या वतीने एकत्रित तक्रार मांडणाऱ्या एका ड्रायव्हरला काढून टाकले होते. ती तक्रार एकटीची नव्हती, म्हणून तिला संरक्षण मिळाले. या कायद्याचा कणाच हा आहे. दोघे-तिघे मिळून बोलतात, किंवा एक जण इतरांच्या वतीने बोलतो, तेव्हा संरक्षण सुरू होते. युनियन नसली तरी, अर्ज केलेला नसला तरी.

दुसरे कारण इतिहासाचे. यूपीएस या मोठ्या पार्सल कंपनीच्या तपकिरी गणवेशातला ड्रायव्हर आणि इतर कंपन्यांचा ड्रायव्हर एकाच गल्लीत एकसारखेच खोके पोहोचवतात. यूपीएसचा ड्रायव्हर नोकर आहे, त्याला पेन्शन आहे. कायद्याची कृपा म्हणून तो नोकर राहिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या टीमस्टर्सचा करार असल्यामुळे कंपनीला त्याला कंत्राटदार करणे शक्य झाले नाही. ऑगस्ट १९९७मध्ये १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर होते. मुद्दा अर्धवेळ कामाचा होता. त्यातून १०,००० नव्या पूर्णवेळ जागा मिळाल्या आणि पेन्शन फंडातून बाहेर पडायचा कंपनीचा बेत फसला.

युनियन असली म्हणजे झाले, असेही नाही. २०१८च्या करारात '२२.४' नावाचा ड्रायव्हरांचा एक दुय्यम वर्ग तयार झाला, काम बरेचसे तेच आणि पगार कमी. मतदान करणाऱ्यांपैकी ५४ टक्के सभासदांनी तो करार नाकारला होता, तरी निम्म्यांपेक्षा कमी लोकांनी मत दिले म्हणून नियमाचा आधार घेऊन नेतृत्वाने तो लागू केला. सभासद चिडले. २०२१च्या अधिवेशनात तो नियम गेला, त्याच वर्षी नेतृत्व बदलले. २०२३मध्ये ९७ टक्क्यांनी संपाला मंजुरी दिल्यावर, संप न करताच, ३,४०,००० कामगारांसाठी नवा करार झाला: '२२.४' रद्द, अर्धवेळ कामगाराला तासाला किमान २१ डॉलर, आणि २०२४ पासून घेतलेल्या नव्या डिलिव्हरी गाड्यांत एसी. ८६.३ टक्के मतांनी तो मंजूर झाला. यातून मी नव्या गटांना एवढेच सांगतो, की सह्या घेण्याइतकाच मतदानाला येण्याचा आग्रह धरा.

आणि हेही खरे, की युनियन धंद्याचे वारे थांबवत नाही. जानेवारी २०२५मध्ये यूपीएसने अॅमेझॉनची निम्म्याहून अधिक पार्सले पुढच्या दीड वर्षात सोडून देणार असे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये सुमारे २०,००० जागा कमी करण्याचे. फरक इतकाच की तिथे कोणाला आधी काढायचे, ज्येष्ठता कशी मोजायची, हे करारात लिहिलेले असते आणि ते मोडले तर दाद मागायला जागा असते.

फेडएक्स एक्स्प्रेसबद्दल थोडेसेच. ही विमानसेवा मानली गेल्यामुळे १९२६च्या रेल्वे लेबर अॅक्टखाली येते. त्यात एका स्टेशनपुरते मतदान होत नाही, देशभरातल्या सगळ्या ड्रायव्हरांचे एकत्र घ्यावे लागते. तिथले वैमानिक संघटित आहेत, ड्रायव्हर नाहीत. तुमचे काम त्या बाजूला येत असेल तर वरचे बरेच गणित बदलते.

आता प्रत्यक्ष काय करायचे. स्टेशनवर पहाटे गाड्या भरताना कोण कोणाशी बोलतो, कोणाचा शब्द चालतो, हे आधी टिपा. सर्वांत मोठ्याने ओरडणारा पुढारी नसतो. ज्याला नवे ड्रायव्हर अडचणीत फोन करतात, तोच खरा पुढारी. भाषेचे, देशाचे गट असतील तर प्रत्येक गटातला एक तरी माणूस पहिल्या पाच-सहांत हवा. सह्यांची कार्डे कंपनीला दिसत नाहीत, ती बोर्डाकडे जातात. कायद्याला ३० टक्के पुरत असले तरी मी दोन तृतीयांशांखाली अर्ज करू देत नाही, कारण अर्ज पडल्यापासून मतदानापर्यंत धमक्या आणि गोड बोलणी दोन्ही सुरू होतात आणि काही माणसे गळतात. पहिला करार व्हायला वर्षाहून जास्त लागणे नेहमीचे आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. लपवले तर सहाव्या महिन्यात तेच लोक तुमच्यावर उखडतील.

पुरावा रोजच्या रोज जमा करा. एक साधी वही ठेवा: किती वाजता आलो, गाडी भरायला किती वेळ गेला, किती थांबे, किती वाजता सुटलो, कोणी काय हुकूम दिला. मेसेज जपून ठेवा, विशेषतः 'या क्रमाने जा', 'तुझे गुण कमी आहेत', 'उद्या येऊ नको' असे वरच्या कंपनीकडून आलेले. कपातीची प्रत्येक चिठ्ठी ठेवा. ग्राहकांची नावे-पत्ते मात्र फोटोत येऊ देऊ नका, नाहीतर कंपनीला तुम्हाला काढायला आयते कारण मिळते. स्वतःचा हिशेब का हवा ते फ्लेक्सच्या प्रकरणातून कळेल: ग्राहकांनी ड्रायव्हरांना दिलेली टिप कंपनीने स्वतःच्या देण्यात वळवली, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने केला, आणि २०२१मध्ये अॅमेझॉनने ६ कोटी १७ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

एक तपासणी आजच करता येईल. गाडीचे ड्रायव्हरकडचे दार उघडा. चौकटीवर एक पत्रा किंवा चिकटपट्टी असते, त्यावर गाडीचे भारासह कमाल वजन लिहिलेले असते. ते १०,००० पाउंड किंवा कमी असेल, तर मालवाहतुकीतल्या ड्रायव्हरला ओव्हरटाइम नाही ही सबब संघीय कायद्याखाली सहसा चालत नाही. आठवड्याला ४० तासांवर दीडपट. त्या पत्र्याचा फोटो घ्या. कंत्राटदार म्हणून कर भरत असाल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे १५.३ टक्के पूर्ण तुमच्याकडून जातात. नोकर असता तर निम्मे मालकाने भरले असते. हे दोन आकडे बैठकीत फळ्यावर मांडले की दर्जाचा प्रश्न सगळ्यांना कळतो, वेगळे भाषण लागत नाही.

करारात 'वाद लवादाकडेच न्यायचा, एकत्र दावा करायचा नाही' असे कलम असेल तर घाबरू नका. १९२५च्या लवाद कायद्यातच वाहतूक कामगारांना सूट आहे. ती कंत्राटदारांनाही लागू होते असे सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये 'न्यू प्राइम' खटल्यात ठरवले, आणि २०२०मध्ये दोन अपील कोर्टांनी अॅमेझॉनच्या शेवटच्या टप्प्यातल्या ड्रायव्हरांना ती दिली. लेबर बोर्डाकडे तक्रार करण्याचा हक्क तर अशा कलमाने जातच नाही.

ड्रायव्हरांपैकी काहींची इमिग्रेशनची कागदपत्रे अपुरी असतील. युनियनचा कायदा त्यांनाही लागू आहे, १९८४ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. पण २००२च्या निकालानंतर बेकायदा काढल्याबद्दल मागचा पगार त्यांना मिळत नाही. त्यांना पुढे उभे करण्याआधी हे त्यांना स्पष्ट सांगा आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

ठेकेदाराचा करार अचानक संपला, किंवा कोणाला काढले, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण काय बोलले, समोर कोण होते हे लिहून काढा आणि हजर असलेल्या दोघांकडून सही घ्या. लेबर बोर्डाकडे तक्रार करायची मुदत सहा महिन्यांची आहे, आणि ती घटनेपासून मोजतात. वकिलाची भेट मिळाली नाही, ठेकेदार 'बघतो, दुसरीकडे लावतो' म्हणाला, म्हणून थांबलात तरी मुदत थांबत नाही. तक्रारीत ठेकेदार आणि वरची कंपनी दोघांचीही नावे घाला, संयुक्त मालक म्हणून. वरचे नाव सुटले आणि मुदत गेली, तर उरतो तो फक्त ठेकेदार, ज्याच्याकडे तोवर ना गाड्या असतात ना पैसा.